पडक्या गोठ्याचा फोटो: काय दिसतं, काय निसटतं

पावसाळा लागला की कुंटाला धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्या नेरडीगोंड्यावरून वळतात. त्यातले काही जण हल्ली धबधब्याबरोबर आणखी एक फोटो घेऊन परततात: रस्त्याकडेचा पडका गोठा. कवेलू घसरलेले, मेढ कललेली, आत गवत माजलेलं. हे फोटो देखणे असतात, यात वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. गावाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग किती?

सुरुवात नावापासून करू. अशा फोटोंखाली पुष्कळदा ‘ओल्ड बार्न’ लिहिलेलं असतं. बार्न या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ बार्ली साठवायचं घर. आपला गोठा आला ‘गोष्ठ’वरून, म्हणजे गाईंची जागा. विदर्भाकडचे लोक त्याला कोठा म्हणतात, तेलुगूत कोट्टम म्हणतात. आपल्याकडे धान्य कणगीत, बळदात नाहीतर पेवात. गोठ्यात बैल, कडबा आणि अवजारं. तेव्हा रिकामा बार्न धान्याची आठवण देत असेल, पण रिकामा गोठा सांगतो की इथले बैल गेले. नाव चुकलं की फोटोचा अर्थच बदलतो.

आता बांधकामाकडे बघू. नोकरीची सगळी वर्षं त्यातच गेली, त्यामुळे नजर तिकडे जातेच. गोठा एका दिवसात पडत नाही. आधी एखादा कवेलू घसरतो. तिथून पाणी वाशावर उतरतं. वासा कुजला की वरच्या रीपा सुटतात आणि ओळच्या ओळ खाली येते. मातीची भिंत माथ्याकडून विरघळू लागते. सागाची मेढ सगळ्यात शेवटी जाते, आणि जाते तीही जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथेच मिळतात. बहुतेक फोटोंत नेमका हाच भाग गवताआड गेलेला असतो. कललेलं छप्पर दिसतं, ते का कललं ते दिसत नाही.

पण सौंदर्य आणि माहिती यांचं वैर आहे असं मला वाटत नाही. संध्याकाळचं तिरपं ऊन फोटोवाल्यांना आवडतं. त्याच उन्हात भिंतीवरच्या शेणाच्या सारवणातली बोटं उमटून दिसतात, कुठे नवा लिंपा दिला तेही कळतं. पुरातत्त्वाचे लोक झिजलेला शिलालेख वाचायला असाच तिरपा उजेड वापरतात. म्हणजे ऊन तेच, फक्त बघणाऱ्यानं थोडं जवळ जायला हवं.

गोठे ओस पडले, त्याचं कारण तर चौकटीच्या बाहेरच राहतं. ज्वारी धान्याबरोबर कडबा देते. कापूस कडबा देत नाही, त्याच्या पऱ्हाट्या चुलीत जातात. ज्वारी मागे पडली, आदिलाबादची काळी जमीन कापसाखाली गेली, तसा चारा आटला. त्यात ट्रॅक्टर आला. पोळ्यापुरती बैलजोडी ठेवणं कोणाला परवडणार? म्हणून गोठ्याच्या फोटोत शेजारचं पीकही यायला हवं. निम्मी गोष्ट त्या पिकात आहे.

आणि फोटोतली उदासी नक्की कोणाची? गाडीतून उतरलेल्याला हुरहुर वाटते. पण ज्या बाईनं जन्मभर पहाटे उठून शेण काढलं, तिला गोठा रिकामा झाल्याची सुटकाही वाटली असेल. पाडव्याला वर्षाच्या बोलीवर ठरणारा सालगडी कित्येक ठिकाणी जनावरांशेजारीच झोपायचा. मोडक्या गव्हाणीचा सुंदर फोटो त्याच्याबद्दल काही बोलत नाही. ही उदासी खोटी नाही, पण तिच्यात मालकाचं, बाईचं आणि गड्याचं दुःख एकाच रंगात रंगून जातं. माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसऱ्या तऱ्हेनं बघितलेल्याची उदाहरणं आहेत. एक आपल्याच जुन्या जिल्ह्यातलं. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ 1940च्या दशकात मारलवाईत राहिले, गोंडांबरोबर. त्यांचे फोटो नुसते फोटो राहिले नाहीत. त्यांच्यामागे 1948चं पुस्तक उभं आहे, त्यात घर, शेती, नाती, सण सगळं येतं. दुसरं जर्मनीतलं. बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानं 1959पासून पाण्याच्या टाक्या, खाणींचे मनोरे, धान्याच्या कोठ्या टिपल्या: ढगाळ उजेड, समोरून, एकसारख्या चौकटीत. शेजारी शेजारी ठेवले की बांधणीतला फरक आपोआप दिसतो. त्यात माणसं मात्र जवळपास नाहीत. मला बेखरांची शिस्त हवी आणि हायमेनडॉर्फांची माणसंही हवीत.

आपल्या मंडळानं हे करावं, त्याला खर्च फारसा नाही. मालकाला विचारून एक फोटो समोरून, एक आतून, एक मेढीच्या बुडाचा. शेजारी हातभर काठी ठेवावी, म्हणजे माप कळेल. खाली गावाचं नाव, गोठा किती खणांचा, शेवटचे बैल कधी विकले, दावणीला कोण असायचं, हे घरच्यांच्या शब्दांत लिहावं. मग देखणा फोटोही काढावा, जरूर काढावा. लोक थांबून बघतात ते त्याच्यामुळेच.

फक्त उशीर नको. जुन्या सागाला गिऱ्हाईक आहे. मेढी विकल्या गेल्या की किती खण होते, हेसुद्धा मोजता येणार नाही.