चार इयत्ता, एक फळा

१९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा योजनेने प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन शिक्षक हवेत असे ठरवले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतही पहिली ते पाचवीच्या ६० पर्यंत मुलांमागे दोन शिक्षक धरले आहेत. म्हणजे लहान गावातला बहुवर्ग ही तात्पुरती अडचण नव्हे, कायद्यानेच गृहीत धरलेली व्यवस्था आहे. गणिताची पाठ्यपुस्तके मात्र एका खोलीत एकच इयत्ता बसते, अशा समजुतीने रचलेली असतात. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

तिसरीला भागाकार समजावायचा तर पहिलीला ‘एक ते शंभर लिहा’ सांगून गप्प बसवावे लागते. दुसरे शिक्षक बैठकीला गेले, की चारही इयत्ता एकाच फळ्यासमोर. याला आपण मुलांना ‘कामात गुंतवणे’ म्हणतो. गुंतलेले मूल शिकत असतेच असे नाही. दोष शिक्षकाचा नाही. चार पुस्तके चार दिशांना ओढू लागली तर तासिकेचे तुकडे होणारच.

वास्तविक अशा वर्गाला गणितासारखा सोयीचा विषय नाही. २४ चिंचोके घ्या. पहिलीची मुले दहा-दहाचे दोन ढीग करतील, चार सुटे ठेवतील. दुसरीची मुले तेच चिंचोके सहा-सहाच्या चार ओळींत मांडतील. तिसरीने तो आयत दुसऱ्या बाजूने पाहावा, म्हणजे ४ × ६ आणि ६ × ४ सारखे का, हे सांगावे लागणार नाही. चौथीने असे किती वेगवेगळे आयत होतात ते शोधावे. (एका ओळीचा धरून चार होतात.) मग एक चिंचोका काढून घ्यावा. पहिलीच्या मुलाला दिसेल, की दहाचे ढीग तसेच आहेत, सुटे तेवढे तीन उरले. चौथीची मुले मात्र अडतील, कारण २३ चा एका ओळीखेरीज आयतच होत नाही. मूळ संख्येची व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालते.

आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळांनी पाठ्यपुस्तकाऐवजी कार्डांची ‘शिडी’ केली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन तमिळनाडूने सरकारी शाळांत कृतियुक्त शिक्षण नेले. मूल इयत्तेला न बांधता स्वतःच्या पायरीवरून पुढे जाते, हा तिचा मोठा गुण. तरी गणितापुरती आमची एक शंका आहे. प्रत्येकाचे कार्ड निराळे झाले, तर एकाच मांडणीवर लहानमोठ्यांनी वाद घालायचा कधी? त्यासाठी सामाईक कृती मुद्दाम आखावी लागेल.

मोठ्यांनी लहानांना शिकवावे, हेही आपण सहज बोलून जातो. प्रत्यक्षात चौथीतली ताई धाकट्याच्या हातातला चिंचोका काढून घेते आणि उत्तर सांगून मोकळी होते. ‘तू कसं मोजलंस?’ हा प्रश्न विचारायची सवय तिला आधी लावावी लागते.

नवी पुस्तके येतील तेव्हा येवोत. निदान पहिली ते पाचवीचे गणिताचे घटक शेजारी-शेजारी मांडलेला एक तक्ता, आणि प्रत्येक आडव्या ओळीसाठी सर्वांना चालेल अशी एक कृती, एवढे तरी पाठ्यपुस्तक मंडळाने शिक्षकांच्या हाती द्यावे.