लक्खण, लांछन आणि गोंदण : उपनगरांतील एका कलेचे धम्मदृष्ट्या परीक्षण

अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत गेल्या दोन दशकांत गोंदवून देणाऱ्यांची, म्हणजे आजच्या बोलीत टॅटू काढणाऱ्यांची दुकाने मोठ्या संख्येने उभी राहिली आहेत. काही वातानुकूलित दालनांत आहेत, काही रस्त्याकडेच्या टेबलावर बॅटरीच्या आधारे चालतात. तेथे येणाऱ्यांत आपल्या समाजातील तरुण-तरुणीही असतात. दंडावर बाबासाहेबांचे चित्र, मनगटावर ‘जय भीम’, छातीवर धम्मचक्र, पाठीवर तथागतांचे मुख, अशी या गोंदणाची रूपे आहेत. महापरिनिर्वाण दिनी दादर येथे चैत्यभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या दुकानांबरोबर गोंदणाऱ्यांचीही दुकाने लागतात. या प्रथेविषयी विहारांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ती निष्ठेची खूण वाटते. काहींना टाकून दिलेल्या रूढीची पुनरावृत्ती वाटते. ही दोन्ही मते पाली साहित्याच्या आणि आपल्या सामाजिक इतिहासाच्या आधारे तपासावीत, आणि कला व उपजीविका म्हणून या कामाचेही मोल करावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोंदण महाराष्ट्राला नवे नाही. कपाळावर टिकली वा चंद्रकोर, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळस, विंचू किंवा देवाचे नाव हे जुन्या पिढीतील स्त्रीच्या अंगावरील नेहमीचे दर्शन होते. भटक्या जमातींतील स्त्रिया गावोगाव फिरून काजळी आणि पाल्याचा रस सुईने कातडीत भरीत. मेल्यावर दागदागिने येथेच राहतात, सोबत येते ते गोंदण तेवढे, अशी समजूत त्यामागे होती. ज्या समाजाला सोन्याचांदीचे दागिने घालण्याचीही मोकळीक नव्हती, त्या समाजातील स्त्रीला ही समजूत किती जवळची वाटली असेल, हे सांगावयास नको.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे केलेले भाषण या संदर्भात महत्त्वाचे आहे. लुगडे नेसण्याची विशिष्ट पद्धत आणि हातापायांतील जड दागिने यांवरून अस्पृश्यता दुरून ओळखता येते, म्हणून ते टाकून द्या, असा त्या उपदेशाचा आशय होता. स्त्रियांनी तो तत्काळ अमलात आणला. लुगड्याची पद्धत बदलता आली, दागिने उतरविता आले. परंतु गोंदण उतरविता येत नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि त्यानंतर गावोगावच्या दीक्षासमारंभांत बावीस प्रतिज्ञा घेणाऱ्यांत अशा स्त्रियाही होत्या, की ज्यांच्या हातावर तुळस किंवा रामाचे नाव कोरलेले होते. राम आणि कृष्ण यांना देव मानणार नाही, ही प्रतिज्ञा त्यांनी तेच हात जोडून घेतली. त्वचा होती तशीच राहिली, मन बदलले. आमच्या पिढीने अशा आज्या पाहिल्या आहेत. त्यांच्या बौद्धत्वाविषयी कोणी शंका घेतली नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते. अंगावरील खूण धम्म ठरवीत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरे देता येणार नाही.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्ताचे प्रतिपादन याच दिशेने जाते. तृण, वृक्ष, कीटक, पशू, पक्षी यांत जातीजातींचे वेगळेपण दाखविणाऱ्या खुणा निसर्गतः असतात. मनुष्याच्या देहावर अशी जातिदर्शक खूण कोठेही नसते, असे तथागत तेथे अवयव एकेक घेऊन दाखवून देतात. निसर्गाने जी खूण ठेवली नाही, ती समाजाने आपल्या हाताने केली. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात उच्चवर्णीयाच्या आसनावर बसू पाहणाऱ्या हीनजातीय मनुष्याच्या कमरेवर डाग देऊन त्यास हद्दपार करावे, असा दंड सांगितला आहे. नवव्या अध्यायात महापातक्यांच्या कपाळावर वेगवेगळ्या आकृतींचे डाग देण्याची आज्ञा आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळण्यात आला, त्यात देहाचा असा उपयोग शास्त्र म्हणून मांडलेला होता. इंग्रजी अमलातही बंगाल आणि मद्रास इलाख्यांत कैद्यांच्या कपाळावर गुन्हा गोंदविण्याची शिक्षा होती. ती १८४९ मध्ये बंद झाली. तिला ‘गोदना’ हेच लोकांतले नाव होते.

या पार्श्वभूमीवर विनयपिटकातील एक नियम समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्याचा चुकीचा आधार घेतला जाण्याचा संभव आहे. महावग्गात, दंड म्हणून डाग दिलेल्या मनुष्यास, म्हणजे ‘लक्खणाहत’ व्यक्तीस प्रव्रज्या देऊ नये, असे सांगितले आहे. यावरून गोंदवून घेतलेल्यास संघाचे दार बंद आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. या नियमाच्या आगेमागे नोंद झालेला चोर, फटके खाल्लेला अपराधी, ऋणको आणि दास यांचा विचार आहे. राजदंडातून किंवा धन्याच्या ताब्यातून पळालेल्यांचे आश्रयस्थान असा संघावर आरोप येऊ नये, हे त्याचे प्रयोजन. अट्ठकथेने तर असा मनुष्य स्वतंत्र असेल, डाग त्वचेशी समतल झाले असतील आणि चीवराखाली झाकले जात असतील, तर प्रव्रज्येची मोकळीक दिली आहे. नियमाचा रोख दंडावर आहे. स्वेच्छेने काढलेल्या चित्रावर नाही.

मग स्वेच्छेने काढलेल्या चित्राकडे कसे पाहावे? उपनगरांच्या संदर्भात या प्रश्नाला एक दुःखद इतिहास आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्याचे उघडकीस आले, आणि निषेधार्थ जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. त्यानंतर काही दिवसांतच मुलुंडला राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. चौकातल्या पुतळ्याला जाळीचे कुंपण घालावे लागते, ही या प्रदेशातील वस्तुस्थिती आहे. अशा ठिकाणी वाढलेला तरुण जेव्हा तेच मुख आपल्या दंडावर कोरून घेतो, तेव्हा त्याला केवळ हौस म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल. पूर्वी दुसऱ्याने डाग दिला, तो लांछन होता. आता तो स्वतः खूण निवडतो आहे आणि लपविण्याऐवजी दाखवितो आहे. हा फरक लहान नाही, आणि प्रथेची संभावना ‘रूढी’ या एका शब्दात करणाऱ्यांनी तो लक्षात घेतलेला नाही.

तथापि निष्ठा खरी असली म्हणून काम चांगले ठरते असे नाही. कला म्हणून विचार करता उपनगरांतील गोंदणाचा उत्तम भाग व्यक्तिचित्रांत आहे. बाबासाहेबांचा गोल चष्मा, भरदार कपाळ आणि ओठांची घट्ट रेषा केवळ काळ्या शाईच्या गडद-फिक्या छटांत उतरविणे हे अवघड काम आहे. कागद सपाट असतो. दंड गोल असतो, श्वासाबरोबर हलतो, वेदनेने आखडतो. हे सांभाळून डोळ्यांतील गंभीरता पकडणारे कारागीर आपल्याकडे आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु तथागतांच्या चित्रणात गोंधळ फार. बुद्धमुखाशेजारी ॐ, त्रिशूळ किंवा धुराची वलये ही रचना सर्रास आढळते. बुद्ध विष्णूचा अवतार नाही, ही प्रतिज्ञा ज्याच्या घरात म्हटली जाते, त्याने तरी अशी रचना नाकारावयास हवी. गोंदणाऱ्यास हा भेद ठाऊक नसेल, तर सांगणे हे गोंदवून घेणाऱ्याचे काम आहे.

अक्षरांच्या बाबतीत आमची तक्रार अधिक गंभीर आहे. ‘बुद्ध’ या शब्दात द अर्धा आणि ध पूर्ण असतो; तो उलटा करून ‘बुध्द’ असे लिहिण्याची चूक फलकांवरून आता त्वचेवर आली आहे. त्रिशरणातील ‘सरणं’ हे पाली पद संस्कृतप्रमाणे ‘शरणं’ होते, अनुस्वार गळतात आणि विभक्ती बिघडते. काही तरुण अशोककालीन धम्मलिपीत ‘धम्म’ कोरून घेतात. हा अभिमान योग्य आहे, परंतु अशोकाच्या शिलालेखांत हा शब्द अनुस्वाराने ‘धंम’ असा येतो, हे पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही. बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण आणि सोपारा येथील दात्यांचे ब्राह्मी लेख आजही वाचता येतात. कोणी काय दिले, कोणत्या निधीतून भिक्खूंना चीवर मिळावे, हे त्यांत आहे. त्या लेखांत दात्याच्या नावाबरोबर त्याचे दान येते. नुसते नाव कोरून थांबणाऱ्याने ही परंपरा एकदा लोकलने जाऊन पाहावी.

थायलंडमधील ‘सक यंत’ या प्रथेचा दाखला काही जण बौद्ध गोंदणाचा आदर्श म्हणून देतात. नाखोन पथोम प्रांतातील वाट बांग फ्रा हा विहार त्यासाठी प्रसिद्ध आहे. खोम लिपीतील पाली अक्षरे भिक्खूच्या हस्ते पाठीवर कोरून घेतली म्हणजे संकटापासून रक्षण होते, अशी तेथील श्रद्धा आहे. परदेशी बौद्धांविषयी पूर्ण आदर राखूनही, हे आपल्याला स्वीकारता येणार नाही, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात देहावरील लक्षणे पाहून भविष्य सांगणे आणि मंत्रतंत्र यांची गणना तिरच्छानविद्येत, मिथ्या आजीविकेत केली आहे. गंडादोरा टाकून दिलेल्या समाजाने शाईचा गंडा बांधून घेऊ नये. उलट टोक श्रीलंकेत दिसले. २०१४ मध्ये दंडावर बुद्धाचे चित्र असलेल्या एका ब्रिटिश पर्यटक महिलेला अटक करून देशाबाहेर पाठविण्यात आले, आणि २०१७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या हक्कांचा भंग झाल्याचे मान्य करून भरपाई देवविली. चित्रात रक्षणशक्ती मानणे आणि चित्रासाठी माणसाला शिक्षा करणे, दोन्हींत चित्र धम्माहून मोठे झालेले असते.

आता ज्यांच्या हातात सुई आहे त्यांच्याविषयी. विजेवर चालणाऱ्या गोंदणयंत्राचे पेटंट १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने घेतले. त्याची कल्पना एडिसनच्या विद्युत लेखणीवरून आली होती. यंत्र आले आणि कामाची प्रतिष्ठा बदलली. झाडाखाली बसून गोंदणारी भटकी स्त्री ‘गोंदणारीण’ राहिली. अंधेरीच्या दालनात तेच काम करणारा ‘आर्टिस्ट’ झाला. कलेच्या इतिहासात त्या स्त्रियांची नावे कोणी नोंदविली नाहीत. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडलेला विचार येथेही लागू पडतो.

अंगुत्तरनिकायात उपासकाला शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष या पाच वस्तूंचा व्यापार निषिद्ध सांगितला आहे. गोंदण त्यांत बसत नाही. आपल्या समाजातील कोणी हा व्यवसाय करीत असेल, तर त्यात कमीपणा नाही. मात्र सम्यक् आजीविकेची कसोटी त्यालाही आहे. प्रत्येकासाठी नवी सुई आणि वेगळी शाई न वापरणे म्हणजे कावीळ किंवा एच.आय.व्ही.च्या संसर्गाचा धोका दुसऱ्याच्या देहात घालणे होय. नशेत असलेल्यास किंवा अल्पवयीनास नाही म्हणणे, अक्षरे आधी कागदावर वाचून घेणे आणि परिणाम आधी सांगणे हेही त्यात येते. परिणाम किरकोळ नाहीत. रक्तदानाच्या नियमांनुसार गोंदवून घेतल्यावर बारा महिने रक्त देता येत नाही. म्हणजे १४ एप्रिलच्या शिबिरासाठी निघालेला तरुण आदल्या ६ डिसेंबरला घेतलेल्या गोंदणामुळे परत पाठविला जातो. केंद्रीय सशस्त्र दलांच्या भरतीत गोंदण कोठे आणि केवढे चालते याला मर्यादा आहेत: डाव्या हाताच्या आतील बाजूस, त्या भागाच्या एक चतुर्थांशाहून लहान. भरतीची तयारी करणाऱ्या कितीतरी मुलांना ही गोष्ट सुई लागल्यानंतर कळते. ज्या दुकानदाराने पैसे घेण्यापूर्वी एवढे सांगितले, त्याने आपल्या व्यवसायातील शील पाळले, असे आम्ही मानतो.

राहिला प्रश्न चिरस्थायित्वाचा. गोंदण कायमचे, म्हणून निष्ठा कायमची, असा तर्क केला जातो. २०१८ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की शाईचे कण त्वचेतील भक्षक पेशी गिळून धरून ठेवतात. त्या पेशी मरतात, कण मोकळे होतात आणि नव्या पेशी ते पुन्हा उचलतात. स्थिर दिसणारे चित्र अशा प्रकारे हस्तांतरित होत राहते. मिलिंदपञ्हातील रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त ज्यांनी वाचला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. चित्रही टिकते ते कोणीतरी पुन्हा पुन्हा उचलून घेते म्हणून. निष्ठेचेही तसेच आहे. ती एकदा कोरून ठेवता येत नाही.

संयुत्तनिकायात वक्कली या आजारी भिक्खूची कथा आहे. तथागतांना डोळे भरून पाहण्याची त्याची इच्छा होती. तथागत त्याच्याकडे गेले, त्याची विचारपूस केली आणि नाशवंत देह पाहून काय मिळणार, धम्म पाहावा, तोच मला पाहणे होय, अशा आशयाचा उपदेश केला. येथे त्यांनी वक्कलीच्या ओढीचा उपहास केला नाही, हे महत्त्वाचे आहे. तिला दिशा दिली. विहारांतील ज्येष्ठ उपासकांनी गोंदवून आलेल्या तरुणाशी असेच वागावे. त्याला दाराबाहेर थांबवू नये आणि त्याची पाठ थोपटून मोकळेही होऊ नये. दंडावर ज्यांचे चित्र आहे त्यांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्याच्या हाती द्यावा आणि पुढच्या रविवारी त्यावर बोलण्यास सांगावे.

जुनी समजूत म्हणत असे की शेवटी सोबत गोंदण येते. धम्माचे म्हणणे वेगळे आहे. मनुष्य आपल्या कर्माचा वारस आहे. त्याच्यामागे त्याची कुशल-अकुशल कर्मे तेवढी जातात, हे स्त्री-पुरुष, गृहस्थ-प्रव्रजित सर्वांनी वारंवार चिंतावे, असे अंगुत्तरनिकाय सांगतो. दीघनिकायातील लक्खणसुत्तात महापुरुषाच्या बत्तीस लक्षणांचे कारणही पूर्वी केलेली सत्कर्मेच सांगितली आहेत. ज्याला बाबासाहेब अंगावर हवे आहेत त्याने ते जरूर घ्यावेत, शुद्ध अक्षरांत आणि स्वच्छ सुईने घ्यावेत. पण त्यांचा वारसा सांगण्याचा अधिकार त्या हाताने केलेल्या कामातूनच त्याला मिळेल.