मत्तयाच्या वंशावळीतील स्त्रिया : 'कृपा' या संकल्पनेचा एक शब्दविचार

मत्तयकृत शुभवर्तमानाचा प्रारंभ एका वंशावळीने होतो. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंतच्या पिढ्यांचे चौदा-चौदांचे तीन गट पाडून, 'अमक्याने अमक्याला जन्मास घातले' हे एकच वाक्य मत्तय पुन:पुन्हा योजतो. या एकसुरी रचनेत मरीयेचा उल्लेख येईपर्यंत चार वेळा स्त्रीचा निर्देश येतो. तामार, राहाब, रूथ आणि 'उरीयाची' अशा या चौघी होत. लूकच्या वंशावळीत एकही स्त्री नाही. मत्तयाला कुलमातांचा गौरवच करावयाचा असता, तर सारा, रिबका आणि लेआ त्याच्या हाताशी होत्या. त्यांना वगळून त्याने याच चौघींना का निवडले, हा या वंशावळीच्या अर्थाचा कळीचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे सर्वांत रुळलेले उत्तर चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमने दिले. शास्त्राने ज्यांना दोष दिला अशाच स्त्रिया येथे घेतल्या आहेत. पाप्यांसाठी आलेला ख्रिस्त पाप्यांच्याच कुळात जन्मला, हे त्यातून दिसावे, असे त्याचे मत. ल्यूथरने त्यांच्या परकेपणावर भर दिला. रेमंड ब्राउन यांनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात या सर्व मतांची छाननी करून, या स्त्रियांच्या संबंधांतील रूढीबाह्यता आणि त्यांचा पुढाकार या दोन गोष्टींना महत्त्व दिले. तरीही प्रवचनांतून आणि पाठ्यग्रंथांतून जेरोमचेच मत वावरताना दिसते. पतित स्त्री आणि तिच्यावर वरून ओसंडणारी कृपा, हे ते चित्र होय.

हे मत मूळ संहितेच्या कसोटीवर टिकत नाही. रूथच्या कथेत तिला कोणीही दोष देत नाही. तामारेच्या बाबतीत तर संहिताच स्पष्ट निर्णय तिच्या बाजूने देते. शिवाय कुळातील पाप दाखवावयास स्त्रियांची गरज होती कोठे? यहुदा, दावीद आणि मनश्शे हे त्या यादीत आहेतच. पुरुषांची पापे नावामागे झाकून स्त्रियांचीच तेवढी उघडी करणारे हे वाचन मत्तयाचे नसून वाचकांचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

या गैरसमजास शब्दाचाही हातभार लागला आहे. मराठी बायबलात ग्रीक 'खारिस' या शब्दासाठी 'कृपा' हा शब्द रूढ आहे. 'कृपा' आणि 'कृपण' हे एकाच कुळातले शब्द. त्यांच्या मुळाशी कीव आहे. साहजिकच देणारा उंचावर आणि घेणारा खाली, ही मांडणी शब्दाबरोबरच येते. हिब्रू संहितेत मात्र या प्रदेशात दोन वेगळे शब्द नांदतात. 'हेन' म्हणजे एखाद्याच्या नजरेत मिळालेली पसंती. ग्रीक भाषांतरात त्याचे बहुधा 'खारिस' होते. 'हेसेद' म्हणजे नात्याला जागून केलेली, बंधनापलीकडे जाणारी निष्ठा. त्याचे बहुधा 'एलेओस', म्हणजे दया, असे रूपांतर होते. नेल्सन ग्लूक यांनी १९२७ मध्ये 'हेसेद'मधील परस्परता प्रथम ठसठशीतपणे मांडली. पुढे कॅथरिन साकेनफेल्ड यांनी १९७८ मध्ये त्या मताला मुरड घातली. तथापि हा शब्द जिवंत नात्याच्या संदर्भातच वापरला जातो, हे दोघांसही मान्य आहे.

आता या कथांत 'हेसेद' कोण करते ते पाहावे. यरीहोची वेश्या राहाब हेरांना म्हणते की, मी तुमच्याशी हेसेद केले, तुम्हीही माझ्या बापाच्या घराण्याशी हेसेद करा. पहिले देणे तिचे आहे. इस्राएल तिचा ऋणको आहे. रूथच्या पुस्तकात हा शब्द तीनदा येतो. नामी पहिल्यानेच म्हणते की, सुनांनी मृतांशी आणि माझ्याशी जसे हेसेद केले, तसे परमेश्वराने त्यांच्याशी करावे. येथे देवाच्या हेसेदला मापदंड आहे तो मवाबी सुनांच्या वर्तनाचा! ज्या मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत प्रवेश नाही असे अनुवादाच्या पुस्तकात बजावले आहे, त्यांच्यापैकीच या दोघी.

मग रूथला मिळते ते काय? दुसऱ्या अध्यायात ती बवाजाला विचारते की, तुमच्या नजरेत मला 'हेन' का लाभावे? याच वाक्यात एक विलक्षण शब्दखेळ आहे. 'लेहक्कीरेनी' म्हणजे माझी दखल घ्यावी, ओळखावे. 'नोख्रिया' म्हणजे परकी. दोन्ही रूपांत 'न-क-र' हीच व्यंजने आहेत. त्यांची व्युत्पत्ती एक की केवळ ध्वनिसाम्य, हा प्रश्न वेगळा. लेखकाने ती जाणून शेजारी ठेवली, यात संशय नाही. ग्रीक भाषांतरात हा खेळ नाहीसा झाला. मराठीत मात्र तो सहज उतरतो : अनोळखी बाईला तुम्ही ओळख दिलीत ती का? आपल्या भाषेतील 'ओळख देणे' या प्रयोगात केवळ जाणणे नाही, मान्य करणेही आहे. हिब्रू क्रियापदाची छटा नेमकी हीच.

हेच क्रियापद तामारेच्या कथेचा कणा आहे. यहुदाने धाकट्या मुलाशी तिचे लग्न लावण्याचे वचन मोडले. तिने बुरखा घेऊन वाटेवर बसून त्याच्याकडूनच गर्भ मिळविला आणि गहाण म्हणून मुद्रा, गोफ व काठी ठेवून घेतली. तिला जाळण्याची आज्ञा होताच ती या वस्तू पाठविते आणि म्हणते, 'हक्केर-ना', ओळखा बरे. आधीच्याच अध्यायात योसेफाचा रक्ताने माखलेला झगा बापापुढे टाकताना भावांनी हेच शब्द उच्चारले होते. प्राचीन रब्बींनी हे हेरले होते. १९८१ मध्ये रॉबर्ट ऑल्टर यांनी त्याचे वाङ्मयीन मर्म उलगडले. ज्या शब्दाने बापाला फसविले, त्याच शब्दाने यहुदाला सत्य मान्य करावे लागते. तो वस्तू ओळखतो आणि म्हणतो की, माझ्यापेक्षा ती अधिक न्यायी आहे. येथे कृपा वरून खाली आलेली नाही. अधिकारी पुरुषाला खाली उतरून सत्य पाहावे लागले आहे.

चौथे उदाहरण याच्या विरुद्ध दिशेने तेच सिद्ध करते. तामार कळविते, 'मी गर्भवती आहे'. दुसऱ्या शमुवेलाच्या अकराव्या अध्यायात बथशेबेच्या तोंडी तेवढेच दोन शब्द आहेत, केवळ क्रम उलटा. यहुदा ओळख देतो; दावीद कृत्य झाकण्यासाठी उरीयाचा जीव घेतो. नाथान संदेष्टा दोष दाविदाच्या पदरी घालतो. मत्तयाच्या ग्रीक वाक्यात येथे 'पत्नी' हा शब्दही नाही, केवळ स्त्रीलिंगी उपपद आणि षष्ठी आहे. मराठीत 'उरीयाची' या एका रूपात ते नेमके उतरते. तिचे नाव गाळणे हा तिच्यावरील ठपका नव्हे. दाविदाच्या नावाला कायमचा चिकटलेला तो उरीयाचा दावा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. मत्तयाने लिहिले ग्रीकमध्ये; हिब्रू शब्दखेळाचा भार त्याच्यावर का टाकावा? आक्षेप रास्त आहे, आणि तो खेळ मत्तयाच्या मनात होता असा आमचा दावा नाही. परंतु ग्रीक संहितेत दुवे निराळे आहेत. तामार, बथशेबा आणि मरीया या तिघींच्या गर्भधारणेस ग्रीकमध्ये एकच वाक्प्रचार आहे. तामारेविषयी यहुदाने योजलेल्या क्रियापदाचे ग्रीक रूप आणि योसेफाला लावलेले 'न्यायी' हे विशेषण एकाच धातूचे. योसेफही, यहुदाप्रमाणेच, एका गर्भवती स्त्रीविषयी निर्णय करावयास बसलेला आहे. तिला न ओळखणे त्याला सहज शक्य होते. वंशावळ त्या क्षणासाठी वाचकाला तयार करते.

तात्पर्य, या स्त्रिया कृपेच्या केवळ याचक नाहीत. कृपा कोणाच्या हातून येते हे त्या दाखवितात, आणि ती ओळखण्याची जबाबदारी इतरांवर टाकतात. हा अर्थ 'कृपा' या शब्दात कितपत मावतो, हे मराठी बायबलाच्या अभ्यासकांनी पाहावयास हवे. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले आणि १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर यासाठी विशेष मोलाचे आहे. रूथ २.१० आणि उत्पत्ती ३८.२५ ही दोन स्थळे निरनिराळ्या मराठी भाषांतरांत ताडून पाहिली, तरी एखाद्या विद्यार्थ्यास पुष्कळ काम मिळेल.