आखणी हेच पहिले प्रकरण : इटलीच्या मराठी वाटा

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा करताना आपण लेखकाचे व्यक्तिमत्त्व पाहतो, विनोद आणि निसर्गवर्णन पाहतो, माहिती आणि लालित्य यांचा तोल साधला की नाही ते तपासतो. प्रवास कोणी आखला होता, त्या आखणीने काय दाखवले आणि काय झाकले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारतो. आखणी ही ग्रंथाबाहेरची, व्यवहारातली बाब आहे असे आपण धरून चालतो. प्रस्तुत लेखात तिलाच प्रवासलेखनाचे पहिले प्रकरण मानून वाचायचे आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते इटलीचे.

इटलीच का, याला कारण आहे. हा देश एका राजधानीभोवती वाढलेला नाही. 1861 मध्ये इटलीचे राज्य जाहीर झाले, 1866 मध्ये व्हेनिस त्यात आले आणि 1870 मध्ये रोम. त्याआधीची कित्येक शतके फ्लॉरेन्स, व्हेनिस, मिलान, नेपल्स, जिनोआ ही आपापल्या सत्तेची आणि आपापल्या कलेची शहरे होती. त्यामुळे इटली पाहायची म्हणजे निवड करावीच लागते. कोणते शहर घ्यायचे, कोणते सोडायचे, कुठे चार दिवस आणि कुठे अर्धा, हे ठरवतानाच आपण त्या देशाचा एक अर्थ लावलेला असतो.

ही निवड आज कागदावरही मागितली जाते. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो, मुक्कामाची आरक्षणे लागतात, किमान 30 हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तेल्हाऱ्यात बसून कोणी हा कार्यक्रम लिहायला घेतला, तर पहिल्या दिवशी रोम, मग फ्लॉरेन्स, वाटेत पिसाचा कलता मनोरा, मग व्हेनिस आणि शेवटी मिलान, असा क्रम बहुधा आपोआप उमटतो. तो आपला वाटतो, पण तो आपण रचलेला नसतो.

या क्रमाचा उगम सतराव्या-अठराव्या शतकातल्या ‘ग्रँड टूर’मध्ये आहे. इंग्लंडमधल्या उमराव घराण्यांतले तरुण शिक्षणाचा शेवटचा टप्पा म्हणून आल्प्स ओलांडून इटलीत येत आणि रोम हे त्या शिक्षणाचे शिखर मानले जाई. गटे 1786 मध्ये इटलीत उतरला तेव्हा रोमच्या ओढीने त्याने फ्लॉरेन्सला जेमतेम काही तास दिले. त्याच्या आखणीत फ्लॉरेन्सचे महत्त्वच तेवढे होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मरे आणि बेडेकर यांच्या मार्गदर्शिकांनी हा उमरावी क्रम मध्यमवर्गाच्या हाती दिला. सहल कंपन्यांनी त्याला बस जोडली आणि जलद रेल्वेने तो आणखी आवळला. रोमहून फ्लॉरेन्स दीड तासावर आले, फ्लॉरेन्सहून व्हेनिस सुमारे दोन तासांवर. मिलानमध्ये लिओनार्दोच्या ‘अखेरचे भोजन’ या भित्तिचित्रासमोर आधी आरक्षण करून, ठरलेल्या गटात, पंधरा मिनिटे उभे राहता येते. चित्राच्या जपणुकीसाठी हा नियम रास्तच आहे. पण बाकीचे शहरही आपण त्याच पंधरा मिनिटांच्या मापाने पाहू लागतो, तेव्हा दोष नियमाचा नसतो.

आता मराठी ग्रंथांकडे वळू. अनंत काणेकरांच्या 1940 च्या पुस्तकाचे नावच ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ असे आहे. त्या नावात पूर्ण आखणी आहे: कोठून निघालो, कोठे जायचे आहे आणि वाटेत काय मागे टाकायचे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’त (1960) निघण्यापूर्वीच्या तयारीला भरपूर जागा मिळाली आहे आणि तो भाग अतिशय खमंग आहे. तिथे तयारी म्हणजे पोशाख, खाणे, रीतभात यांची मध्यमवर्गीय धास्ती आहे आणि त्या धास्तीवरचे हसू आहे. काय पाहायचे आणि का, हा प्रश्न त्या हशात मागे राहतो. मीना प्रभु यांनी एकेक देश घेऊन त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याची पद्धत मराठीत रुजवली आणि इटलीसाठी ‘रोमराज्य’चे दोन भाग दिले. ‘पंधरा दिवसांत युरोप’ या साच्याला दिलेला हा सर्वांत ठोस नकार होता. एका देशाला दोन खंड देणे हा आखणीचा निर्णय आहे, आणि त्याची दखल त्यांच्या शैलीइतकीच घ्यायला हवी.

मात्र मराठी माणसाच्या इटली-प्रवासाची एक जुनी नोंद याआधीची आहे आणि ती इंग्रजीत आहे. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपला गेले. वय वीस वर्षांचे. इंग्लंडमधला मुक्काम आटोपून, युरोपातली इतर ठिकाणे पाहत, परतीच्या वाटेवर ते इटलीत उतरले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची रोजनिशी कॅप्टन एडवर्ड वेस्ट या त्यांच्यासोबतच्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित करून 1872 मध्ये लंडनला प्रसिद्ध केली.

हा ग्रंथ आखणीच्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. एका तरुण हिंदी संस्थानिकाने काय पाहावे याची एक अपेक्षा त्या प्रवासाच्या मागे उभी आहे, संपादकही त्याच व्यवस्थेतला आहे. रोजनिशी लिहिणारा हात महाराजांचा, तिला ग्रंथरूप देणारा हात अधिकाऱ्याचा. त्यामुळे यातले कोणते कुतूहल महाराजांचे आणि कोणते त्यांच्याकडून अपेक्षित असलेले, हा प्रश्न पानोपानी सोबत ठेवावा लागतो. आणि ज्या शहराने त्यांची आठवण सर्वांत जास्त जपली, त्याचे वर्णन करायला ते उरले नाहीत.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. 1865 पासून तो मान त्याच्याकडे होता. 20 सप्टेंबर 1870 ला इटलीच्या सैन्याने रोम घेतले आणि पुढच्याच वर्षी राजधानी तिकडे गेली. म्हणजे महाराज आले ते वस्तुसंग्रहालयांच्या गावात आले नव्हते. ते दोनच महिन्यांपूर्वी रोम मिळवलेल्या, घडत्या राष्ट्राच्या राजधानीत आले होते. या राजधानीसमोर एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. दहनाची तिथे रीत नव्हती. विशेष परवानगी मिळवावी लागली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, कास्चिने उद्यानाच्या टोकाला, हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यांनीच आखला. आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलर या शिल्पकाराचा. त्या परिसराला फ्लॉरेन्सकर ‘इंदियानो’ म्हणतात आणि विसाव्या शतकात जवळच आर्नोवर झालेल्या पुलालाही तेच नाव मिळाले.

फ्लॉरेन्सचा ठरीव कार्यक्रम काय असतो? मोठे चर्च, सिन्योरिया चौक, जुना पूल आणि टेकडीवरून शहराचे छायाचित्र. कास्चिने त्याच शहरात आहे. तरीही तिथवर पाऊल जात नाही, कारण ग्रँड टूरच्या यादीत ते असणे शक्यच नव्हते आणि आपण यादी तीच वापरतो.

इथे एक आक्षेप येईल. मराठी खुणा शोधत इटली पाहायची म्हणजे परदेशात जाऊन पुन्हा आपलेच तोंड आरशात पाहणे नव्हे काय? आक्षेप खरा आहे आणि त्याला पुरावाही आहे. पहिल्या गोलमेज परिषदेनंतर नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे मार्च 1931 मध्ये इटलीत गेले. त्यांचा कार्यक्रम सहल कंपनीचा नव्हता. लष्करी शिक्षणाच्या संस्था आणि मुलांची ‘बालिल्ला’ संघटना पाहायची, हा हेतू स्वच्छ होता. 19 मार्चला त्यांनी मुसोलिनीची भेट घेतली. या सर्वांविषयी त्यांनी रोजनिशीत कौतुकाने लिहिले आणि 1937 मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. त्याच वेळी आंतोनिओ ग्रामची मुसोलिनीच्या तुरुंगात आपल्या वह्या लिहीत होता. शिस्तबद्ध कवायत दिसावी आणि तुरुंग दिसू नये, अशीच ती आखणी होती. काही पाहण्याआधीच उत्तर ठरलेले असले की हेतूपूर्वक केलेला प्रवासही डोळे मिटून केल्यासारखा होतो. सहलीच्या यादीत प्रश्नच नसतो, या आखणीत प्रश्न होता पण तो बंद होता. समीक्षकाने दोहोंतला फरक ओळखला पाहिजे, आणि साम्यही.

बंद नसलेल्या प्रश्नाचे उदाहरण टायबर नदी देते. रोममध्ये पुलावरून तिला सगळेच पाहतात. तिच्याच वरच्या खोऱ्यात, 10 जुलै 1944 रोजी, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे हा मराठा लाइट इन्फन्ट्रीतला जवान मारला गेला. तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर त्याने एकट्याने मशिनगनचे ठाणे घेतले होते. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे, ज्यांना कबर मिळाली नाही अशा चार हजारांवर नावांमध्ये. 2023 मध्ये उंब्रियातल्या मोन्तोने या लहानशा गावी त्याच्या नावाचे सूर्यघड्याळ बसवले गेले. पुढच्या वर्षी, 9 एप्रिल 1945 ला, राव्हेन्ना जिल्ह्यातून वाहणाऱ्या सेनिओ नदीवर नामदेव जाधव या शिपायाने दोन जखमी सोबत्यांना नदीपार नेले आणि मशिनगनची ठाणी बंद पाडून बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना दिली. तो वाचला, आणि त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. राव्हेन्नात लोक जातात ते बायझंटाइन कुट्टिमचित्रे आणि फ्लॉरेन्सने हद्दपार केलेल्या दान्तेची समाधी पाहायला. सेनिओ तिथून दूर नाही.

या खुणांनी अभिमान वाटेल हे खरे, पण त्या अभिमानापाशी थांबू देत नाहीत. ही माणसे कोणाच्या युद्धात, कोणाच्या हुकमाने लढली? इटलीतल्या एका खेड्याने ऐंशी वर्षांनी त्यांतल्या एकाचे नाव का कोरले? हे प्रश्न कोलोसियमसमोर पडत नाहीत. मराठी माणसाची इटलीतली ही स्थाने त्याने आखून मिळवलेली नाहीत. आजाराने आणि युद्धाने आखणी मोडली तिथे ती उमटली. म्हणूनच ती कोणत्याही तयार यादीत नाहीत.

मग यादी कशी करावी? यासाठी आपल्याला युरोपकडे पाहायचे कारण नाही. महानुभावांची ‘स्थानपोथी’ हा आखणीचाच ग्रंथ आहे. चौदाव्या शतकातला, परंपरेने मुनी व्यास कोठी यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ वऱ्हाडच्याच मातीतल्या वि. भि. कोलते यांनी संपादित केला. चक्रधर कुठे थांबले, ते देऊळ कोणत्या तोंडाचे, जागा गावाच्या कोणत्या दिशेला, बसणे कुठे, निजणे कुठे, हे त्यात नोंदले आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर त्या परंपरेत वंदनीय झाले ते गोविंदप्रभूंच्या वास्तव्याने. देऊळ सुंदर आहे की नाही याला पोथीत महत्त्व नाही. इथे काय घडले आणि ती जागा नेमकी कोणती, एवढेच तिला हवे असते. स्थळ निवडण्याची ही कसोटी मराठीत सहाशे वर्षांहून जुनी आहे. आपल्या प्रवासवर्णनाने ती उचलली नाही.

ती उचलली तर जवळचेही दिसू लागते. तेल्हारा ज्या जिल्ह्यात आहे त्याच अकोला जिल्ह्यात बाळापूरला मिर्झा राजे जयसिंगांच्या नावाची छत्री नदीकाठी उभी आहे. आंबेरच्या राजाचे नाव वऱ्हाडातल्या नदीवर आणि कोल्हापूरच्या राजाचे नाव आर्नोवर: घरापासून दूर गेलेल्या सत्तेने मागे ठेवलेल्या या दोन दगडी खुणा आहेत. बाळापूरची छत्री नीट पाहिलेल्याला फ्लॉरेन्सची छत्री ‘आपली’ म्हणून नुसते भरून येणार नाही. त्याला प्रश्न पडेल.

स्थानपोथीच्या कसोटीने इटलीची पंधरा रात्रींची आखणी करून पाहावी. रोमला पाच, त्यातला एक दिवस कासिनोला. मग पेरुजात दोन, तिथून रस्त्याने मोन्तोने. फ्लॉरेन्सला चार, त्यातली एक सकाळ पूर्ण कास्चिनेला. बोलोन्यात गाडी बदलून राव्हेन्ना, तिथे दोन रात्री आणि सेनिओचा काठ. शेवटी दोन रात्री व्हेनिस. मिलान आणि पिसा सुटतात, सुटू द्यावेत. मायकेलअँजेलो यातून वगळला जात नाही. तो रोममध्येही आहे आणि फ्लॉरेन्समध्येही. फक्त त्याच्याकडे आपण स्वतःचा काही प्रश्न घेऊन जातो.

यंदाच्या दिवाळी अंकांतही युरोपच्या प्रवासावरचे लेख असतील. ते वाचताना भाषा रसाळ आहे का, एवढ्यावर थांबू नये. लेखकाच्या खिशातला कार्यक्रमाचा कागद मागावा, आणि त्यावर एखादे तरी नाव त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे का, ते पाहावे.