१७६६३१९०४९ : नुसते आश्चर्य, की रीत?

चाळीसगावजवळच्या पाटणादेवी येथील इ. स. १२०७ चा शिलालेख खानदेशातील शिक्षकांना परिचित आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांवरील आपल्या भाषणांत मात्र त्या ग्रंथांतले गणित क्वचितच येते. गौरव तेवढा येतो. 'बीजगणित' (इ. स. ११५०) या ग्रंथातील एक उदाहरण या दृष्टीने तपासून पाहू.

प्रश्न असा : एका पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्ग यावा. ६१ ऐवजी ६० घेतल्यास ४ आणि ३१ हे उत्तर. ६२ घेतल्यास ८ आणि ६३. ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर २२६१५३९८० आणि १७६६३१९०४९! फर्मा यांनी १६५७ मध्ये हाच प्रश्न आव्हान म्हणून मांडला होता.

येथे वक्ता थांबतो आणि टाळ्या पडतात. खरे तर धडा येथून सुरू व्हावा. ८ चा वर्ग ६१ पेक्षा ३ ने जास्त आहे. येथून चक्रवाल रीतीच्या एकाच फेरीत ५ आणि ३९ मिळतात. ३९ चा वर्ग १५२१, तर ६१ × २५ = १५२५; फरक केवळ ४ चा. दोन उत्तरांचा मेळ घालून तिसरे काढण्याची ब्रह्मगुप्तांची 'भावना' वापरली, की ३८०५ आणि २९७१८ येतात. आता फरक १ चा, पण उणे. पुन्हा एकदा भावना केली की काम झाले : २ × २९७१८ × ३८०५ हे कनिष्ठ मूळ, आणि २९७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक १ हे ज्येष्ठ मूळ.

म्हणूनच १७६६३१९०४९ मधून १ वजा केल्यास एका वर्गाची दुप्पट उरते आणि त्यात १ मिळवल्यास ३८०५ च्या वर्गाची १२२ पट होते. संख्येचे गुणधर्म ती ज्या रीतीने मिळाली त्या रीतीतूनच आले आहेत.

गौरव करताना दोन गोष्टी गाळू नयेत. चक्रवाल रीत भास्कराचार्यांच्या आधीची आहे; जयदेवांचे त्यावरील श्लोक उदयदिवाकरांच्या १०७३ च्या टीकेत आढळतात. शिवाय हे चक्र प्रत्येक वेळी १ पर्यंत पोचतेच का, याची सिद्धता 'बीजगणिता'त नाही. गुणक स्वतः पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, हे लाग्रांज यांनी अठराव्या शतकात सिद्ध केले. हे सांगितल्याने भास्कराचार्य लहान होत नाहीत. रीत आणि सिद्धता यांतला फरक मात्र विद्यार्थ्याला कळतो.

जळगाव-धुळ्याची सहल पाटणादेवीला जाईल तेव्हा दहा आकडी संख्या पाठ करून घेऊ नये. ६१ च्या जागी १३ द्यावा. १ आणि ३ पासून निघून, ५ आणि १८ वरून १८० आणि ६४९ पर्यंत मुले स्वतः पोचू शकतात.