भर दुपारचा पांढरा

या चौकटीत सगळेच करडे दिसतात. विजापूर वेशीजवळ नंदीध्वजांची मिरवणूक क्षणभर थांबली आहे, समोर बाराबंदी आणि धोतर घातलेल्या सेवेकऱ्यांची दाटी आहे, वर जानेवारीचं लख्ख ऊन आहे, आणि तरी कपडे पावसाळ्यात आठवडाभर दोरीवरच राहिल्यासारखे मळकट. छायाचित्र म्हणून हे टाकाऊच. पण माझ्या भाचीच्या कार्डावर सगळ्यांत आधी थांबून पाहावं असं चित्र हेच आहे.

तिनं नवा कॅमेरा घेतला तो गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर. सोबत आलेली १८-५५ची साधी लेन्स, दुसरं काही नाही. शिकायला या यात्रेहून अवघड ठिकाण सोलापुरात तरी मिळणार नाही. यात्रेतली चित्रं मी क्रमानं पाहिली, आणि पुसायच्या आधी पाहिली. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राच्या पोटात शटर, छिद्र, आयएसओ, वेळ यांची टाचणं ठेवून देतो. छत्तीस फोटोंच्या रोलवर वाढलेल्या आम्हा लोकांना ही नोंद डायरीत हातानं करावी लागे, आणि गर्दीत ती कोण करणार! इथे मात्र चित्राशेजारी आकडे उघडले की काढणारीचा हात केव्हा कुठल्या चाकाकडे गेला तेही दिसतं. एखाद्या कवीची खाडाखोड केलेली वही हाती यावी, तसा हा आनंद.

तर तो करडेपणा. कॅमेऱ्याच्या मीटरला धोतर कळत नाही, बाराबंदी कळत नाही. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि जग सरासरीनं मधल्या राखाडीइतकंच उजळ असणार असं धरून चालतो. लग्नाच्या हॉलमध्ये, बागेत, बाजारात हा हिशेब बराचसा जुळतो. इथे रस्ताभर पांढरंच पांढरं. मीटरला वाटतं, उजेड फार झाला. तो चित्र दाबतो. कॅमेरा आपल्या समजुतीप्रमाणे अगदी बरोबर वागला, म्हणूनच चित्र बिघडलं. पुढच्या काही चौकटींत भाचीनं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं चाक अधिककडे फिरवलेलं दिसतं. आधी थेट अधिक दोन, आणि अंगरखे उन्हात विरघळून नुसते पांढरे ठिपके उरले. मग अधिक एक, मग त्याहून किंचित कमी. तिथे एका तरुण सेवेकऱ्याच्या छातीवरचे बंद एकदम दिसू लागतात. वरची गाठ ताजी, घट्ट. तिच्याखालची घामानं ओली, सैल. बंदाचं एक टोक वाऱ्यानं उलटून खांद्यावर पडलेलं. बाराबंदीला बंद असतात हे सोलापुरातल्या पोरालाही ठाऊक असतं. इतक्या उन्हात पांढऱ्यावरचा पांढरा बंद दिसणं ही मात्र कमाई आहे.

हा पांढरा रंग कशाचा, हे माहीत नसेल तर चित्रं अर्धीच वाचून होतात. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे सोलापूरचे ग्रामदैवत. बसवेश्वर, अल्लमप्रभू यांचे समकालीन, वचनकार, तलाव खोदवणारे, गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना करणारे. कथा अशी की एका कुंभारकन्येनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. योगी लग्न कसं करणार? त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला संमती दिली. दर संक्रांतीला सोलापूर हेच लग्न लावतं. आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, म्हणजे यण्णीमज्जन. मग तलावाकाठच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता. नंतर होम मैदानावर होम, आणि शेवटाकडे शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज हे त्या योगदंडाचं रूप. म्हणजे हे सगळे पांढरे अंगरखे वरपक्षाचे, आणि नवरदेव आहे एक उंच काठी.

उंच काठीनं कॅमेऱ्याची दुसरी समजूत मोडते. चौकट जन्मतःच आडवी असते. दुमजली घराशी स्पर्धा करणारा नंदीध्वज त्या आडव्या चौकटीत घ्यायचा तर फार मागे जावं लागतं, आणि मागे जायला गर्दीत जागा नाही. जवळून लेन्स १८वर नेऊन कॅमेरा वर उचलला की काठी मागे कोसळतेय असं वाटतं. भाचीनं कॅमेरा उभा धरला. एवढी साधी गोष्ट, पण उभ्या चौकटीत वरचं बाशिंग आणि खालचा माणूस एकाच ओळीत आले, आणि चित्राचा विषयच बदलला. आता ते ध्वजाचं चित्र उरलं नाही, वजनाचं झालं. काठी पेलणाऱ्याचा चेहरा वर वळलेला आहे, डोळे टोकाकडे, तोंड किंचित उघडं, मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा तटतटलेल्या. आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे पाहतात, तो एकटा वर पाहतो. पंचकट्ट्याकडच्या एका चित्रात ती दूर जाऊन, लेन्स ५५वर नेऊन उभी राहिली. तिथे पुढचेमागचे ध्वज एकमेकांना चिकटून आल्यासारखे दिसतात. चित्र देखणं आहे, पण मला ते जरा कॅलेंडरछाप वाटतं. वजन गेलं, नक्षी उरली.

अक्षतांची चित्रं अनेक आहेत, आणि सगळा रस तिथेच साठला आहे.

संमतीचं वाचन सुरू होतं, ठरलेल्या शब्दांशी लाखो हात एकदम उठतात. सुरुवातीच्या चौकटींत कॅमेऱ्यानं दाण्यांकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. नव्या कॅमेऱ्यांना चेहरा ओळखण्याचं वेड असतं. गर्दीत तर त्यांना मेजवानीच. भाचीचा कॅमेरा या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर उड्या मारत राहिला, आणि अक्षता म्हणजे मध्ये आलेला अडथळा ठरला. मग टाचणं सांगतात की चेहराशोध बंद झाला, फोकस हातानं ठेवला गेला, आणि शटर एक हजारांशावर गेलं. नवशिक्याला वेगवान गोष्ट दिसली की शटर वेगवान करावंसं वाटतं, पुस्तकंही तेच शिकवतात. आता हिशेब करा. सेकंदाला पाचेक मीटर वेगानं पडणारा दाणा एक हजारांश सेकंदात पाच मिलिमीटर सरकतो, म्हणजे जेमतेम स्वतःच्या लांबीएवढा. तो जागच्या जागी गोठतो. चित्रात हवेभर बारीक ठिपके दिसतात, आणि न सांगितल्यास कुणीही म्हणेल, लेन्स पुसली नव्हती का?

लाखो हात उठले आणि हवेत धूळ दिसली, हा काही अक्षतांचा अनुभव नाही. अक्षता आपल्याला पडताना कळतात, अंगावर आल्यावर कळतात.

पुढची चौकट मात्र मी पुन्हा पुन्हा उघडतो. शटर एक साठांश, आयएसओ १००, छिद्र एफ २२. भर उन्हात शटर इतकं हळू करायचं तर छिद्र एवढं बारीक करावंच लागतं, पण त्यानं दुहेरी काम साधलं. एक म्हणजे जवळच्या टाळक्यांपासून पलीकडच्या झाडांपर्यंत सगळं स्पष्ट. दुसरं म्हणजे त्याच वेगाचा दाणा आता साधारण चार बोटं लांबीची रेघ ओढतो. वरच्या डावीकडून तिरक्या रेघांची सर उतरली आहे. ती पांढऱ्या कपड्यांवर जवळजवळ नाहीशी होते, आणि मागच्या झाडांच्या काळोख्या हिरव्यावर एकदम उमटते. उजळ दाण्याला गडद पाठ हवी, हे तिनं जागा निवडताना ओळखलं होतं की नशिबानं घडलं, ते मी विचारलं नाही.

आता हात पाहा. फेकणारे सगळे हात पुसट झालेत, बोटं बोटांत मिसळलीत. डाव्या कोपऱ्यातल्या बाईच्या हिरव्या बांगड्यांचं तर एकच धूसर कडं झालंय. खांद्यावर बसलेल्या पोरानं डोळ्यांवर हात घेतलाय, तोही अर्धा पुसट. आणि या सगळ्या हलत्या गर्दीत धारदार, स्वच्छ काय आहे? काठ्या आणि काठ्या पेललेली माणसं. त्यांच्या मनगटावरचे केस मोजावेत इतकी स्थिर. त्यांना अक्षता टाकायला हात मोकळे नाहीत. या लग्नात त्यांचं काम न हलण्याचं आहे. मी लहानपणापासून हा सोहळा पाहत आलो. पण जल्लोष करणारे आणि तोल सांभाळणारे अशी ही फाळणी मला एका साठांश सेकंदानं दाखवली. हजारांशाच्या चित्रात ती नाही, कारण तिथे सगळेच सारखे गोठलेत.

होमाच्या रात्रीची चित्रं कमी आहेत. कॅमेऱ्याचा आपोआप व्हाइट बॅलन्स ज्वाळेचा तांबडा रंग दोष समजून धुऊन काढू पाहतो. भाचीनं तो उन्हाच्या खुणेवर नेऊन ठेवला आणि आग पुन्हा आगीच्या रंगाची झाली. त्यानंतरच्या भाकणुकीत मात्र ती अंधाराशी नीट भांडली आहे. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू, पुढ्यात मांडलेलं धान्य, आणि ते कशाला तोंड लावतं, कसं वागतं यावरून वर्षाचा अंदाज ऐकायला टपलेली माणसं. आयएसओ ६४०० असल्यामुळे सगळं खरखरीत आहे. ती खरखर काढून टाकणारी सॉफ्टवेअरं मिळतात. इथे वापरू नयेत असं माझं मत. वासराच्या ओल्या नाकपुडीवरचा एकच उजेडाचा कण त्या खरखरीतून वर येतो, तो गुळगुळीत केला की मेला. दारूकामाबद्दल काय लिहायचं? तिपाई, लांब एक्स्पोजर, आकाशात फुलं; जगात कुठेही निघतात तशी चांगली निघालीत.

१९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरायला तेवीस सेकंद लागत. भाचीचा कॅमेरा सेकंदात अनेक चौकटी टिपतो, आणि अक्षतांच्या वेळी तसं बटण दाबून धरण्याचा मोह कुणालाही झाला असता. टाचणांवरच्या वेळा पाहिल्या तर त्या साठांशाच्या चित्राच्या मागेपुढे बरंच अंतर दिसतं. तिनं एकच घेतलं.

ते चित्र बारा बाय अठराच्या आकारात छापायला दिलंय. छपाईची यंत्रंही आपल्या सरासरीनं उजेड ‘सुधारून’ देतात, म्हणून पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: उजेड, रंग जसेच्या तसे ठेवा, पांढऱ्याला हात लावू नका. काउंटरवरच्या मुलानं ते वाचलं आणि विचारलं, “पण थोडं ब्राइट करून देऊ ना?”