नाहुआ कूटप्रश्न आणि उत्तरापूर्वीचे वाक्य

बर्नार्दिनो दे साहागुन या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने मेक्सिकोत नाहुआ सहकाऱ्यांच्या साहाय्याने सिद्ध केलेला बारा खंडांचा ग्रंथ आज ‘फ्लोरेन्टाइन कोडेक्स’ या नावाने ओळखला जातो. त्याचा सहावा खंड वक्तृत्व व नीतिविचाराचा आहे. खंडाच्या अखेरच्या नोंदीनुसार त्यातील मजकूर १५४७ साली लिहिला गेला व १५७७ साली स्पॅनिशमध्ये आला. त्याच्या ४२व्या प्रकरणात कूटप्रश्न आहेत. आधी म्हणी, नंतर रूपके. (‘उखाणा’ ही संज्ञा येथे टाळणे बरे, तिला नाव घेण्याचा प्रसंग चिकटलेला आहे.) धर्मोपदेशकांना लोकभाषेची वळणे कळावीत, हा साहागुनचा उघड हेतू होता. परिणामी कूटप्रश्न खेळातून उचलले जाऊन शब्दसंग्रहाच्या शेजारी येऊन बसले. प्रश्नाला लागूनच उत्तर; विचार करण्यास अवधीच नाही.

तथापि नाहुआत्ल मजकुराने हा अवधी सर्वस्वी गमावलेला नाही. आरंभीच्याच कूटात निळसर भोपळपात्र लाह्यांनी भरलेले आहे, उत्तर आकाश. मात्र उत्तरापूर्वी एक ठरावीक वाक्य येते. त्यात ‘कोणीतरी’ आहे, ‘पाहणे’ या क्रियापदाचे भविष्यकाळी रूप आहे, आणि कूटाला ‘आपले’ म्हणणारा, लाघव व आदर एकदमच सुचविणारा शब्द आहे. उत्तर ओळखायचे नाही, पाहायचे आहे. आणि कूट विचारणाऱ्याचे एकट्याचे नाही. अनुवादात हे वाक्य निव्वळ जोडवाक्य ठरले, तर कूटाचे अर्धे अंग नाहीसे होते.

‘पाहणे’ येथे अलंकारिक नाही. नृत्य होते तेथे जिला गर्भ राहतो, ती कोण? चाती. पात्रात टेकवून फिरविलेल्या चातीवर सूत गुंडाळले जाताना तिचे पोट वाढत जाते. हे ज्याने पाहिले, त्याला उत्तर सांगावे लागत नाही. ज्याने पाहिले नाही, त्याला सांगूनही कूट बंदच राहते. स्पॅनिश स्तंभाच्या वाचकाची स्थिती बहुधा ही दुसरी होती.

आर्चर टेलरने १९५१ च्या आपल्या बृहत्संग्रहात कूटांची विभागणी उत्तरांवरून न करता वर्णनांवरून केली. तौलनिक अभ्यासाला तिचा मोठा उपयोग झाला. परंतु त्या चौकटीत चाती सजीवाशी तुलना केलेल्या वस्तूंत जाऊन बसेल, आणि ते ठरावीक वाक्य कोणत्याच वर्गात बसणार नाही.